चार पॉइंट सात

जगात माणसांच्या दोनच जाती आहेत, असं आमचे महाडचे शूटिंगवाले मानतात: हलणारी माणसं आणि न हलणारी माणसं. हलणारा डीव्हीडीवर जागा खातो, न हलणारा खात नाही. बाकी श्रीमंत-गरीब, वरपक्ष-वधूपक्ष हे भेद त्यांच्या लेखी फुटकळ. लग्नाची ऑर्डर घ्यायला कुणाकडे गेले की पडवीत बसून चहा फुंकता फुंकता ते घरातली माणसं न्याहाळत राहतात. यजमानाला वाटतं, आपली ऐपत जोखतायत. हे जोखत असतात बिटरेट. "नवऱ्याचा धाकटा भाऊ नऊ हजारांचा आहे हो गुरुजी," बाहेर पडल्यावर चपला घालता घालता मला सांगतात. "एका जागी ठरत नाही. आजी मात्र दोनात बसेल. साधी बाई."

नाव आहे त्यांना, पण महाड-पोलादपूर पट्ट्यात ते कुणाला लागत नाही. शूटिंगवाले म्हटलं की झालं. अंगात बारा खिशांचं जाकीट, बाराही खिशांत काही ना काही, आणि हवी ती वस्तू नेहमी तेराव्या खिशात. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. त्यावर आधी व्हीएचएसचा कॅमेरा बसायचा, मग मिनी डीव्हीचा बसू लागला. कॅमेरे हलके होत गेले, खांदा काही वर आला नाही. स्टुडिओ बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर. महाडात जागा घेताना भाडं मागाहून विचारतात. आधी विचारतात, २००५च्या पुरात पाणी कुठवर होतं? यांनी ती खूण बघून जागा घेतली, वर पोटमाळा काढला आणि त्यावर सगळ्या लग्नांच्या मास्टर डीव्हीडी रचल्या. भिंतीवर गणपती, गणपतीखाली कॅलेंडर आणि कॅलेंडरशेजारी ऑइलपेंटने रंगवलेला आकडा: ४.७. नवख्या माणसाला तो मटक्याचा वाटायचा.

तो होता चार पॉइंट सात जीबी, म्हणजे एका साध्या डीव्हीडीचं पोट. देशोदेशीच्या बड्या कंपन्यांनी १९९५ साली एकत्र बसून डीव्हीडीचं माप ठरवलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हॉलिवूडचा सव्वादोन तासांचा सिनेमा होता. तो एका बाजूवर सुखाने मावला की काम झालं. त्यांना कुणी आमच्याकडचं लग्न दाखवलं नव्हतं. देवक, हळद, हळदीच्या रात्रीचा बेंजो, वरात, अक्षता, आहेर, पंगती, पाठवणी आणि पलीकडच्या घरचा गृहप्रवेश धरला की सहा कॅसेटी व्हायच्या. एक कॅसेट एका तासाची, आणि कंप्युटरात उतरवली की तेरा जीबी. म्हणजे अठ्ठ्याहत्तर जीबीचं लग्न चार पॉइंट सातात बसवायचं. त्यात तीच डीव्हीडी कंप्युटरात घातली की तो ४.३७च दाखवणार, कारण कारखाना हजाराच्या हिशेबाने विकतो आणि कंप्युटर एक हजार चोवीसच्या हिशेबाने मोजतो. हे कळलं त्या दिवशी शूटिंगवाले वजनमापं खात्याकडे तक्रार करायला निघाले होते. "किलोमागे माप मारलं तर वाण्याला धरता ना? मग?" त्यांची समजूत घालताना माझी शाळेची एसटी चुकली.

दोन डीव्हीड्या करा, असं कुणीही सुचवेल. मीही सुचवलं होतं. पण लग्नाचे दोन तुकडे करायला एकही वरमाय तयार होत नसे. साडेआठ जीबीची दुहेरी थराची डीव्हीडी मिळायची, पण ती महाग, आणि गावातले निम्मे प्लेअर ती तोंडात घेऊन परत बाहेर टाकायचे. तेव्हा एक लग्न, एक डीव्हीडी.

मग सौदा सुरू व्हायचा.

"किती?"

"सहा हजार."

"अवो, काय सांगताव काय? चारात बसवा."

"चारात बसेल. पण नाचताना पोरं चौकोनी दिसतील."

"चौकोनी?"

"चौकोनी. नाक एकीकडे, तोंड एकीकडे."

"बरं, साडेचार करा. जरा गोलसर दिसूं देत."

शूटिंगवाले बोलत होते सेकंदाला सहा हजार किलोबिटबद्दल. समोरचा बोलत होता रुपयांबद्दल. दोघांपैकी एकालाही ते शेवटपर्यंत कळायचं नाही, आणि सौदा न चुकता जमायचा. जो आकडा ठरेल तो दोन्हीकडे लागू. यामुळे त्यांचा धंदा इतका प्रामाणिक झाला की बुडायची वेळ आली.

माझा या व्यवहारात शिरकाव झाला तो भागाकारापायी. शूटिंगवाल्यांचा गुणाकार चांगला, भागाकाराला मात्र ते घाबरत. "गुरुजी, एवढं बघा." मी खडू घ्यायचो. चार पॉइंट सात जीबीचे आठपट बिट करायचे, म्हणजे तीन कोटी शहात्तर लाख किलोबिट. कापछाट करून उरलेल्या तीन तासांचे दहा हजार आठशे सेकंद. भागाकार तीन हजार चारशे एक्क्याऐंशी. त्यातून आवाजाचे दोनशे चोवीस गेले, मेनूचं पान गेलं, काठाला थोडी जागा सोडली. उरलेल्यात लग्न. पुढे त्यांनी कुठून तरी सोपा मंत्र मिळवला: पाचशे साठला मिनिटांनी भागा, मेगाबिट हातात. दीड तासाला सहा पॉइंट दोन, दोन तासांना चार पॉइंट सहा, तीन तासांना तीन पॉइंट एक. एका तासाला नऊच्या वर येतात. डीव्हीडीत चित्राला नऊ पॉइंट आठच्या पुढे जाताच येत नाही आणि स्वस्तातला प्लेअर आठालाच धापा टाकतो. पण एका तासात उरकलेलं लग्न महाड तालुक्यात कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे ती अडचण कधी आली नाही. चौथीच्या वर्गाला मी हीच गणितं घालू लागलो. एका नळाने भरणाऱ्या आणि दुसऱ्याने रिकाम्या होणाऱ्या हौदापेक्षा हे केव्हाही बरं.

भागाकाराने सरासरी निघते. वाटप निघत नाही. खरी विद्या वाटपाची. बासुंदीचं पातेलं एक आणि पंगत लांबलचक. नवखा वाढपी प्रत्येकाला सारखी वाटी वाढत सुटतो; साखरेच्या रोग्याची तशीच राहते आणि खाणारा माणूस पुढ्यातल्या रिकाम्या वाटीकडे बघत बसतो. मुरलेला वाढपी आधी हात हलवत नुसती एक फेरी मारतो, कोण कसा आहे ते बघून ठेवतो आणि दुसऱ्या फेरीला वाढतो. कंप्युटरही असंच करतो. पहिल्या फेरीत सगळं लग्न नुसतं बघतो, काही लिहीत नाही. कारण डीव्हीडीवर प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र, आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं. आजोबा खुर्चीत बसलेत, तर बदललं काय? काही नाही. बेंजोपुढे पंचवीस पोरं नाचतायत, तर बदललं काय? सगळंच. म्हणून आजोबांचे वाचवायचे आणि पोरांना द्यायचे.

हे कळल्यापासून शूटिंगवाले लग्नातच काटकसर करू लागले. बिट वाचवायचे तर मुळात हालचाल कमी व्हायला हवी, हे त्यांचं तर्कशास्त्र. तळीयेकडचं मे महिन्यातलं एक लग्न मला चांगलं आठवतं. मांडव खळ्यात, मागे सह्याद्री, मुंबईहून दोन गाड्या भरून आलेले चाकरमानी, आणि उकाडा असा की भटजींचा आवाजसुद्धा घामेजलेला. नवरानवरीवर दोन पेडेस्टल फॅन सोडले होते. शूटिंगवाल्यांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि हात वर केला.

"फॅन बंद करा."

"का हो?"

"मागचं तोरण हलतंय. एकेक पान वेगळं हलतंय. आंब्याच्या पानांवर मी चार हजार घालवू?"

फॅन बंद झाले. नवरीचा मेकअप हळूहळू गळ्याकडे निघाला. त्यानंतर होमाचा धूर. धुरासारखा उधळ्या नाही. त्याला आकार नाही, दिशा नाही, प्रत्येक चित्रात तो नवा. "भटजीबुवा, तूप जरा बेतानं." भटजींनी जे पाहिलं त्या नजरेनेच समिधा पेटल्या असत्या. आणि मग अक्षता. मांडवात चारेकशे माणसं. 'सावधान' म्हटलं की चारशे मुठींतले तांदूळ एकदम हवेत, प्रत्येक दाण्याची वाट वेगळी. आठ-दहा सेकंदांत बिटांचा नुसता पूर. पहिल्या मंगलाष्टकानंतर शूटिंगवाल्यांनी माइक हातात घेतला आणि जमलेल्या मंडळींना नम्र विनंती केली, की अक्षता शक्यतो एकामागून एक टाकाव्यात.

नवऱ्याच्या मामांनी विचारलं, "का, तांदूळ तुमच्या घरचे हायत काय?"

तिथून पुढे त्यांना कुणी माइक दिला नाही. शिवाय तो मोकळाही नव्हता. आहेर सुरू झाला होता. अमक्यांकडून एकावन्न, तमक्यांकडून एकशे एक आणि पातेलं. दीड तास. हा भाग कापता येत नाही. ज्याचा आहेर डीव्हीडीत दिसला नाही त्याने तो परत मागितल्याची उदाहरणं आहेत. पण त्यात काही हलतही नाही: एक हात देतो, एक हात घेतो, मागे माणसं रांगेत उभी. "आहेर अडीच हजारांत बसवतो," शूटिंगवाले मला म्हणाले, आणि ते मागे उभ्या असलेल्या एका काकांनी ऐकलं. 'माझा तर पाच हजारांचा होता' म्हणून त्यांनी जो गोंधळ घातला तो एकटाच नऊ हजारांचा झाला असता. पण कॅमेरा तेव्हा पंगतीकडे होता.

दुपारी सगळी आडवी झाल्यावर शूटिंगवाले खळ्याच्या कडेला बसून डोंगराचं शूटिंग करत राहिले. चांगली पाच मिनिटं. सुरुवातीला नावाची पाटी टाकायला ते त्यांना लागायचं. "हा खरा पाहुणा," ते म्हणाले. "जेवायला मागत नाही, मध्ये येत नाही, हलत नाही. फुकट बसतो."

लग्नं एप्रिल-मेतली, आणि ही दोन फेऱ्यांची कामं यायची जून-जुलैत. तीन तासांच्या लग्नाला त्या वेळच्या कंप्युटरला एक रात्र पुरायची, आणि आमच्याकडच्या पावसात दिवे सबंध रात्र राहिलेत असं होत नाही. ब्याण्णव टक्क्यांवर जायचे. शूटिंगवाले अंधारात 'ब्याण्णव' एवढंच म्हणायचे, तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाईल असं. बॅटरी दहा मिनिटं पुरायची. त्या दहा मिनिटांत ते कंप्युटरला देवासारखे हात जोडून बसायचे. शेवटी त्यांनी दोन दर ठेवले: एका फेरीची पावसाळी डीव्हीडी लगेच, दोन फेऱ्यांची तुळशीच्या लग्नानंतर. शहाणी माणसं थांबायची. डोहाळजेवणाची ऑर्डर द्यायला यायची आणि जाताना लग्नाची डीव्हीडी घेऊन जायची.

एक दुखणं मात्र गणितापलीकडचं होतं. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. लग्नाचा शेवट पार काठावर येतो, आणि स्वस्तातली डीव्हीडी दगा देते ती काठावरच. आता लग्नाच्या शेवटी काय असतं? पाठवणी. त्यामुळे भांडुप-घाटकोपरपासून पोलादपूरपर्यंत घरोघरी एकच दृश्य: नवरी आईच्या गळ्यात पडते, हुंदका देण्यासाठी तोंड उघडते आणि तशीच राहते. सासरची माणसं चहा पितात, परत येतात, नवरी तशीच. "आमची सून आजून माहेरास्नं निघाली न्हाय," असं एका सासूबाईंनी स्टुडिओत येऊन सांगितलं, आणि सून शेजारीच उभी होती. शूटिंगवाल्यांनी विचार करून त्यावर तोड काढली. पाठवणी थोडी आत घेतली आणि काठाला आपली जाहिरात टाकली: स्वतःचा फोटो, फोन नंबर, 'पुन्हा सेवेची संधी द्या'. तेव्हापासून ते स्वतः अडकू लागले. कित्येक घरांत त्यांचा हसरा चेहरा रात्रभर टीव्हीवर राहिल्यामुळे त्यांचा धंदा वाढला, असं त्यांचं म्हणणं आहे.

लग्नांपेक्षा अवघड काम शक्ती-तुऱ्याच्या सामन्याचं. रात्री दहाला उभा राहिलेला सामना पहाटे पाचला संपणार, आणि दोन्ही बाजूंना पूर्ण सामना हवा. एक कडवं कापलं तरी हरलेल्या बाजूला 'म्हणूनच हरलो' म्हणता येतं. चारशे वीस मिनिटं. पाचशे साठ भागिले चारशे वीस: एक पॉइंट तीन. यांनी चित्र लांबी-रुंदीला निम्मं केलं, नाचणाऱ्यांना वाऱ्यावर सोडलं आणि आवाजाच्या वाट्याला हात लावला नाही. "तोंड चौकोनी चालेल गुरुजी. सवाल चौकोनी नको." मला हा निर्णय थोर वाटतो. सिनेमावाल्यांना तो अजून घेता आलेला नाही.

२२ जुलै २०२१ला सावित्री नदीने महाडची बाजारपेठ भरली, आणि त्याच दिवशी तळीयेत डोंगर वाडीवर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. काही सापडलीच नाहीत. स्टुडिओत पाणी २००५ची खूण ओलांडून वर आलं, कंप्युटर गेला, पण पोटमाळा राहिला. पुढे काही दिवसांनी मुंबईहून तळीयेची दोघं-तिघं आली. त्यांना लग्न नको होतं. त्या लग्नांना आलेली माणसं हवी होती.

कॅसेटी उरल्या नव्हत्या. एकीवरच दुसरं लग्न घ्यायची तेव्हा रीत. होत्या त्या डीव्हीड्या. जे बिट तेव्हा दिले नाहीत ते आता घालता येत नाहीत, हे शूटिंगवाल्यांना कुणी सांगायला नको होतं. ते एकेक डीव्हीडी बघत गेले आणि मी शेजारी नावं लिहून घेत गेलो. हळदीला नाचणारी पोरं चौकोनांत विरघळली होती. पण आहेराच्या रांगेतली, पंगतीतली, खळ्याच्या कडेला गुडघे जवळ घेऊन बसलेली, ज्यांच्या वाट्याचं आम्ही आयुष्यभर काढून घेतलं होतं, ती हलली नव्हती म्हणून स्वच्छ होती. कानातल्या कुड्या मोजाव्यात इतकी स्वच्छ. डोंगराची पाच मिनिटंही तशीच होती. तेवढी शूटिंगवाल्यांनी पुढे सरकवली. 'किती?' असं त्या दिवशी ना मुंबईहून आलेल्यांनी विचारलं, ना यांनी.

डीव्हीडी आता गेली. नव्या लॅपटॉपला ती घालायची फटच नाही. पहिला बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह हातात आला तेव्हा शूटिंगवाल्यांची अवस्था निवृत्त माणसासारखी झाली. जागाच जागा. कुणाचं काढायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. सहा तासांचं लग्न सहा तास ठेवलं. कुणी बघितलं नाही. भिंतीवरचा आकडा पुराच्या पाण्याने पुसला होता, तो त्यांनी पुन्हा रंगवला नाही. मधूनच मला विचारायचे, "गुरुजी, भागाकार काय म्हणतोय?"

भागाकार दबा धरून होता. गिऱ्हाइकाच्या टीव्हीला पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीचा लागे, आणि त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीच्या वर जात नाही. शूटिंगवाल्यांच्या तोंडावर रंग आला. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओला सोळा एमबीची मर्यादा निघाली. सोळा! वरात तीन मिनिटांची. सोळाचे आठपट एकशे अठ्ठावीस मेगाबिट, भागिले एकशे ऐंशी: सेकंदाला जेमतेम सातशे. त्यांनी जाकीट धुऊन घातलं.

परवा एक नवरदेव आला. त्याला डीव्हीडी नको, पेनड्राइव्ह नको. नव्वद सेकंदांची रील हवी. आणि त्याच्यामागून त्याचे वडील आले, त्यांचं म्हणणं एकच: आलेला एकही पाहुणा सुटता कामा नये, लोक नावं ठेवतात.

"पाहुणे किती होते?" शूटिंगवाल्यांनी विचारलं.

"चारशे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खडू घेतला. नव्वद भागिले चारशे, शून्य पॉइंट दोनशे पंचवीस सेकंद. सेकंदाला चित्रं पंचवीस.

"माणशी साडेपाच चित्रं येतात," मी म्हटलं.

"साडेपाच?" शूटिंगवाले खूश झाले. "रग्गड झाली की. नवरानवरीची एकेक काढली तर आचारीपण बसतो."